समुपदेशकाची खुर्ची कुठं असावी?



कोलकात्यात बागबाजारला, इथून जवळच, मराठा डिच लेन नावाची एक गल्ली आहे. इथल्या मंडळींना ती पाठ आहे, पण बाहेरून आलेल्या मराठी माणसाचे पाय त्या पाटीपाशी थबकतात. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालात शिरले आणि कलकत्त्यात घबराट उडाली. शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता, जेमतेम तीन मैल खणून झाले आणि काम थांबलं, कारण मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत. पुढं तो खंदक बुजवला आणि त्यावरून रस्ता झाला. पण बंगाली घराघरांत एक अंगाईगीत राहून गेलं. त्यात आई बाळाला निजवताना बर्गी आल्याचं सांगते. बर्गी म्हणजे आपलेच बारगीर.

आज मुलांविषयी बोलायला उभी असताना मी हा इतिहास का काढला? मुलाला गप्प करायचं असेल तर त्याला कुणाची तरी भीती घाला, ही रीत फार जुनी आणि फार पसरलेली आहे, म्हणून. आपल्याकडं बागुलबुवा आहे, पोलीस आहे, सुई टोचणारे डॉक्टर आहेत. शाळेत मुख्याध्यापकांची खोली आहे. आणि अलीकडं त्यात एकाची भर पडली आहे. ‘नीट बस, नाहीतर समुपदेशक बाईंकडे पाठवीन,’ हे वाक्य मी शिक्षकांच्या तोंडून एकदा नव्हे, अनेकदा ऐकलं आहे. घाबरलेल्या मुलानं जिच्याकडं धावत यायचं, तिचंच नाव धाक घालायला! हे ऐकलं की मला वाटतं, शाळेत समुपदेशक नेमला म्हणजे काम झालं, असं समजण्यात आपली मोठी चूक होते आहे. त्याचं काम काय, तो कुणाच्या बाजूचा, त्याची खुर्ची शाळेत नेमकी कुठं ठेवायची, हे आपण अजून ठरवलेलंच नाही.

आज मला त्याविषयीच बोलायचं आहे. आधी इथं बागबाजारात सव्वाशे वर्षांपूर्वी काय घडलं ते सांगते. मग चाचण्यांच्या आणि करिअर मार्गदर्शनाच्या काळाकडे येते. आणि मग आजच्या शाळेकडे, जिथल्या मुलांच्या मृत्यूच्या बातम्यांनी आपली झोप उडाली आहे.

निवेदितांच्या स्मृतीचं हे व्याख्यान आहे, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच. मार्गारेट नोबल, म्हणजे पुढच्या भगिनी निवेदिता, २८ जानेवारी १८९८ रोजी कलकत्त्यात उतरल्या. त्या कोऱ्या पाटीनं आल्या नव्हत्या. विम्बल्डनला त्यांनी स्वतःची शाळा चालवली होती. पेस्टालॉझी आणि फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञांचे विचार त्यांच्या अंगवळणी पडले होते. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला, कालीपूजेच्या दिवशी, बोसपाडा लेनमधल्या १६ नंबरच्या घरात सारदादेवींच्या आशीर्वादानं मुलींची शाळा सुरू झाली. शाळा सुरू झाली, पण मुली? मुली येणार कुठून? नऊदहा वर्षांची झाली की मुलीचं लग्न. गोऱ्या बाईच्या हाताखाली मुलगी धाडायची, तर बाटण्याची भीती.

निवेदितांनी काय केलं? त्या घरोघर गेल्या. अंगणात, ओसरीवर, बायका बसत तिथं जमिनीवर बसल्या. मोडक्यातोडक्या बंगालीत आया आणि आज्यांशी बोलल्या. मुलगी शाळेत यायची असेल तर आधी घर आपलं व्हायला हवं, हे त्यांना उमजलं होतं. आणि त्या तिथंच थांबल्या नाहीत. १९०३ मध्ये भगिनी क्रिस्टीन त्यांच्या जोडीला आल्या आणि प्रौढ बायकांसाठी वर्ग निघाला. घरच्या लेकी, सुना, विधवा दुपारी हातातली कामं उरकून यायच्या. शिवणकाम शिकायच्या, अक्षरं शिकायच्या. ज्या घरातल्या बाईला शाळेचा उंबरठा ठाऊक आहे, त्या घरातली मुलगी शाळेतून काढणं अवघड जातं. किती साधी गोष्ट! आपल्याकडं आज पालकसभा होते तेव्हा आईवडिलांना बाकावर बसवून मुलाच्या चुका वाचून दाखवतात. त्या आईला शाळेत येऊन स्वतःला काही मिळालं, असं कधी घडतं का?

एक प्रसंग मात्र मला सविस्तर सांगू द्या. १८९९ च्या मार्चमध्ये कलकत्त्यात प्लेग पुन्हा उसळला. बागबाजारच्या वस्त्या साफ करण्याचं काम रामकृष्ण मिशननं हाती घेतलं आणि निवेदिता त्या कामाच्या चिटणीस झाल्या. डॉक्टर राधागोविंद कर, ज्यांच्या नावाचं रुग्णालय इथून हाकेच्या अंतरावर आहे, त्यांनी त्या दिवसांची आठवण लिहून ठेवली आहे. प्लेग झालेलं एक मूल, आई आधीच गेलेली. निवेदिता त्या ओलसर झोपडीत त्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या. डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला तरी त्या उठल्या नाहीत. घर निर्जंतुक करायचं तर भिंतींना चुना लावायला हवा होता, तोही त्यांनी स्वतःच्या हातानं लावला. मूल वाचलं नाही.

आपण मराठी माणसं हा प्रसंग ऐकतो तेव्हा दुसरं एक नाव आपोआप ओठावर येतं. दोनच वर्षांपूर्वी पुण्यात प्लेग झालेल्या एका मुलाला उचलून दवाखान्यात नेलं आणि त्याच आजारानं १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. एक भिडेवाड्यातली, एक बोसपाड्यातली. दोघी शिक्षिका. आणि दोघींना असं कधी वाटलं नाही, की वर्ग सुटला म्हणजे मुलाशी आपला संबंध सुटला.

त्यांना कुणी समुपदेशक म्हणत नव्हतं. पण निवेदिता आपल्या मुलींच्या स्वभावाच्या नोंदी ठेवत. कोण बुजरी, कोण हट्टी, कुणाचा हात चित्रात चालतो. रवींद्रनाथांनी एक आठवण लिहिली आहे. आपल्या मुलीला इंग्रजी पद्धतीचं शिक्षण द्यावं, अशी विनंती त्यांनी निवेदितांना केली. निवेदितांनी ती नाकारली. बाहेरचं काही आणून मुलीवर बसवण्यात काय हशील, तिच्या आत जे आहे ते जागं व्हायला हवं, असा त्यांचा सूर होता. रवींद्रनाथांना नकार देणं सोपं नव्हतं. पण मुलीच्या बाजूनं बोलायचं तर कधी कधी तिच्या वडिलांना नाही म्हणावं लागतं, मग वडील कितीही मोठे असोत. माझ्या मते या पेशाचं मूळ तिथं आहे.

आता दुसऱ्या काळाकडे येऊ.

१९०८ मध्ये अमेरिकेत बोस्टनला फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र उघडलं. खेड्यातून, परदेशातून शहरात आलेली पोरं मिळेल त्या कामाला जुंपली जात होती. पार्सन्स यांचं म्हणणं असं, की आधी माणसानं स्वतःला ओळखावं, मग कामांची माहिती घ्यावी आणि मग दोन्हींची सांगड घालावी. शाळेतल्या समुपदेशनाचा आधुनिक प्रवाह तिथून निघाला. भारतात व्यवसाय मार्गदर्शन पहिल्यांदा कुठं आलं? इथंच, कलकत्त्यात. १९३८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात उपयोजित मानसशास्त्राची शाखा निघाली आणि शैक्षणिक व व्यवसाय मार्गदर्शनाचं काम सुरू झालं. त्या विभागाचे धुरीण होते गिरींद्रशेखर बोस, पारशीबागान लेनमधले डॉक्टर. त्यांनी फ्रॉईडशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. मुंबईही मागं नव्हती. टाटांच्या समाजकार्य संस्थेनं १९३७ मध्ये बाल मार्गदर्शन केंद्र काढलं. १९४७ मध्ये पारशी पंचायतीनं व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केलं आणि १९५० मध्ये मुंबई सरकारनं आपलं.

या काळाविषयी मी घाईनं निकाल देणार नाही. चाचण्यांना नावं ठेवणं आज सोपं झालं आहे. पण विचार करा, ज्या देशात सुताराच्या मुलानं सुतार व्हायचं आणि चांभाराच्या मुलानं चांभार, हे जन्माआधीच ठरलेलं होतं, तिथं एक कागद त्या मुलाच्या हातात आला आणि त्यावर लिहिलं होतं, तुझं डोकं यंत्रात चांगलं चालतं. त्या कागदावर बापाचं आडनाव बघून काही ठरलेलं नव्हतं. ही लहान गोष्ट नव्हे. त्या काळच्या मार्गदर्शकांना मी मनापासून नमस्कार करते.

तरीही एक खोट होती. प्रश्न विचारणारी मोठी माणसंच होती. या मुलाचं काय करायचं? हे देशाच्या कोणत्या कामाला येईल? १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक सोडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेनं कायदा करून शाळांतल्या समुपदेशकांच्या प्रशिक्षणावर पैसा ओतला. कशासाठी? हुशार मुलं हेरून विज्ञानाकडे वळवण्यासाठी. मुलं रात्री का रडतात, हे जाणून घेण्यासाठी नव्हे. आपल्याकडंही मुदलियार आयोगानं मार्गदर्शनाची शिफारस केली, कोठारी आयोगानं केली. कोठारी आयोगाचं किमान अपेक्षेचं गणित होतं दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक. एका शाळेत ४०० मुलं धरली तरी एका माणसामागे चार हजार. आणि तेवढंही बहुतेक ठिकाणी झालं नाही.

आमच्या महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. हेतू चांगला होता. त्या दिवसांतली एक आई मला आठवते. प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्डाबरोबर तिनं तो रंगीत पट्ट्यांचा अहवाल घडी करून आणला होता. मुलीचा कल ललित कलांकडं निघाला होता. आई विचारत होती, ‘बाई, आता हिचं काय करू?’ गावाजवळच्या महाविद्यालयात तो विषयच नव्हता. शहरात पाठवायचं तर राहायला जागा नाही, एसटीचा पास परवडत नाही. अहवाल खरा होता आणि तिच्या काही कामाचा नव्हता. त्या आईला चाचणीपेक्षा तिच्याबरोबर बसून हिशोब मांडणारं माणूस हवं होतं. कोणतं वसतिगृह, कोणती शिष्यवृत्ती, अर्जाची शेवटची तारीख कोणती, जातीचा दाखला कुठून काढायचा. समुपदेशन म्हणजे मऊ आवाजात बोलणं, असा समज असलेल्या लोकांना हे काम कारकुनी वाटेल. मला ते समुपदेशनाचा गाभा वाटतं.

आता आजच्या काळाबद्दल. इथं मला आवाज थोडा चढवावा लागेल, क्षमा करा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात सगळ्यांत जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले. ज्या महाराष्ट्राला शिक्षणाची एवढी मोठी परंपरा आहे, तिथले. हा आकडा मी टाळ्यांसाठी किंवा हळहळीसाठी सांगत नाही. अशा प्रत्येक आकड्यामागं एक घर असतं. २०२३ मध्ये आंध्रात ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणारी बंगालमधली एक सतरा वर्षांची मुलगी गेली. तिचे वडील न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयानं तपास केंद्रीय यंत्रणेकडे सोपवला आणि त्याच निकालात देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवाच. त्याहून लहान संस्थेनं बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून ठेवायची. ज्या बंगालात १९३८ साली हे काम सुरू झालं, त्याच बंगालच्या एका वडिलांच्या दुःखातून २०२५ साली ते सक्तीचं झालं. मधली सत्त्याऐंशी वर्षं आपण काय करत होतो?

सक्ती झाली, हे चांगलं झालं. पण त्यानं समुपदेशकाचं काम पुन्हा बदललं आहे आणि या बदलाची मला काळजी वाटते. कालपर्यंत तो करिअर सांगणारा होता. आज तो आग विझवणारा झाला आहे. मूल कोसळलं की बोलवा. चिठ्ठी सापडली की बोलवा. परीक्षेच्या आठवड्यात भाषण द्यायला बोलवा. आणि आग लागते कशानं, हे बघायला त्याला कुणी बोलावत नाही.

एक उदाहरण देते. सातवीतला मुलगा. रोज चौथ्या तासाच्या सुमारास पोट धरून बसायचा. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. वर्गशिक्षिकेनं ‘चिंतेचा त्रास’ असं लिहून त्याला माझ्याकडे पाठवलं. मी त्याच्याशी बरंच बोलले. चित्रं काढून झाली, घरचं बोलून झालं. घर ठीक होतं, अभ्यास ठीक होता. मग एक दिवस मी त्याला म्हटलं, चल, तू शाळेत आल्यापासून कुठं कुठं जातोस ते मला दाखव. त्यानं वर्ग दाखवला, मैदान दाखवलं, नळ दाखवला. मुलांच्या संडासाजवळ आलो तसा तो लांबून वळला. दार बघितलं तर आतून कडी नाही. कडीच्या जागी दोन गंजलेली भोकं. वरच्या वर्गातली मुलं दार ढकलायची आणि हसायची. हा मुलगा सकाळपासून पाण्याचा घोट घेत नव्हता, की जावं लागू नये. चौथ्या तासाला त्याचं पोट दुखणार नाही तर काय होणार?

आता सांगा, या मुलाला मी दीर्घ श्वसन शिकवायचं की त्या दाराला कडी लावून घ्यायची? कडीसाठी मी अर्ज केला. उत्तर आलं, या खर्चाचं शीर्ष नाही. दुसरा अर्ज केला. शेवटी सुतारकाम करणारे एक पालक हत्यारांची पिशवी घेऊन आले आणि त्यांनी तासाभरात सगळ्या दारांना कड्या बसवल्या. वरच्या वर्गाच्या मुलांशी बोलणं बाकी होतं, त्याला पुष्कळ दिवस लागले. पण पोटदुखी थांबली. त्या मुलाच्या मनात काहीही बिघडलेलं नव्हतं. बिघाड शाळेच्या दारात होता. आपण मात्र त्याच्या नावापुढं आजार लिहून मोकळे झालो होतो.

माझं सगळं म्हणणं यात आलं. समुपदेशकानं मुलाला शाळेच्या साच्यात बसवून द्यायचं नाही. मुलाला जिथं खुपतं, तिथं शाळा बदलून घ्यायची. आणि हे करायचं असेल तर त्याची खुर्ची दोन ठिकाणी हवी. एक मुलाजवळ, जिथं बोललेलं बाहेर जात नाही. आणि दुसरी शिक्षकांच्या खोलीत, व्यवस्थापनाच्या बैठकीत, जिथं तो वेळापत्रकाविषयी, संडासाविषयी, वर्गात पोरांना लावल्या जाणाऱ्या नावांविषयी बोलू शकतो आणि त्याचं ऐकून घेतलं जातं. आज होतं काय? त्याला खेळाच्या सामानाच्या खोलीत एक टेबल मिळतं. मागं कॅरमबोर्ड, पुढं मुख्याध्यापकांचं दार, म्हणजे आत जाणारं मूल सगळ्या शाळेला दिसतं. पोरं मग त्याला ‘वेड्यांची खोली’ म्हणतात आणि खरी गरज असलेलं मूल तिकडं फिरकत नाही.

विश्वासाविषयी थोडं बोलायलाच हवं, कारण पालक मला सगळ्यात जास्त याविषयी विचारतात. ‘बाई, ती तुमच्याशी काय बोलली ते आम्हाला कळायला नको का?’ आईवडिलांची तळमळ मला कळते. मीही आई आहे. पण मूल आमच्याकडे येतं ते ही भिंत आहे म्हणूनच. मी पहिल्याच भेटीत मुलाला सांगते, ‘तू बोलशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाच्या जिवाला असेल, किंवा तुझ्या अंगाला कुणी नको तसा हात लावत असेल, तर मला ते पुढं सांगावं लागेल. आणि सांगण्याआधी मी तुला सांगेन.’ हे आधी बोलावं लागतं, नंतर नव्हे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं प्रत्येकाला बंधनकारक केलं आहे. शाळेची अब्रू, संस्थेचं नाव, घरातलं नातं, कुठलीच सबब तिथं चालत नाही. बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, त्यानंतर महाराष्ट्रात हे सगळ्यांना नव्यानं कळलं. शाळांत तक्रारपेट्या लावा, सखी सावित्री समित्या नेमा, हे आदेश त्याआधीच निघालेले होते. पेटी भिंतीवर असते. तिची किल्ली कुणाकडं असते? पेटी उघडताना समोर कोण असतं? पहिलीतलं मूल, ज्याला लिहिता येत नाही, ते त्या पेटीत काय टाकणार? त्या वयाच्या मुलाला त्याच्या उंचीवर खाली बसणारं माणूस लागतं.

शिक्षकांनाच चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशक करा, असाही एक विचार आहे. प्रत्येक शिक्षकाला मुलाचं मन थोडं वाचता यायला हवं, यात वाद नाही. ठाण्याच्या आयपीएचसारख्या संस्थेनं १९९० पासून मनाच्या आरोग्याची भाषा मराठी घरांत आणि शाळांत रुजवली, तिचं मोल फार आहे. पण ज्या हातात गुणपत्रिका आहे, त्या हाताशी मूल सगळं मोकळं करत नाही. तोंडी परीक्षा घेणाऱ्या सरांना कोण सांगणार की तुमच्याच तासाची मला भीती वाटते? काम वेगळं, म्हणून माणूसही वेगळा हवा. आणि तो अकरा महिन्यांच्या करारावर, रिकामा तास दिसला की कुठल्याही वर्गावर धाडला जाणारा नको. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला, आरोग्य आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहेत. समुपदेशकाचा उल्लेख तिथं नाही. तो यायला हवा. न्यायालयाच्या सूचनांचा कायदा होईल तेव्हा तरी यावा.

इथल्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई कामाची, म्हणजे सोनंचांदी गाळणारी मंडळी देशभरच्या सोन्याचांदीच्या पेठांत विखुरली आहेत, कोलकात्यातही आहेत. त्यांची मुलं घरी माणदेशी मराठी बोलतात, गल्लीत बंगाली आणि शाळेत इंग्रजी. दुकान बदललं की शहर बदलतं, शहराबरोबर शाळा बदलते. या मुलीला काही खुपलं तर ती कोणत्या भाषेत बोलेल? शाळेतली समुपदेशक इंग्रजीत विचारते, ‘तुला कसं वाटतंय?’ आणि मुलगी इंग्रजीत ‘फाइन’ म्हणते, कारण तिच्याकडं त्या भाषेत तेवढाच शब्द आहे. आपल्या मंडळातल्या निवृत्त शिक्षिका, परिचारिका, समाजसेविका यांना मी हात जोडून सांगते. इथल्या शाळांना कळवा, की मराठी मूल असेल आणि बोलत नसेल तर आम्हाला बोलवा. उपचार तज्ज्ञांनी करावेत, पण मुलाच्या भाषेत शेजारी बसणं तुम्हाला करता येईल.

आणि ज्या शाळेत दोनच शिक्षक आणि तीसच मुलं आहेत, तिथं काय? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा मूल शाळेत येत नाही म्हणून त्या थांबल्या नाहीत. शाळाच पाड्यावर गेली. अनुताई वाघांनी ती वाट पुढं कोसबाडच्या टेकडीपर्यंत नेली. २०२० च्या शिक्षण धोरणातही समुपदेशकांनी आणि समाजसेवकांनी विद्यार्थी व पालकांबरोबर काम करावं, सुटलेलं मूल परत आणावं, असं म्हटलं आहे. म्हणजे कागदावर का होईना, आपण पुन्हा घरोघर जाण्याशी येऊन पोचलो आहोत. दहा गावांत मिळून एक समाजसेविका असू दे. पण तिला दुचाकीच्या पेट्रोलचे पैसे द्या, जेवणाच्या वेळी वस्तीवर जायची मुभा द्या आणि तिच्याकडून रोज ऑनलाइन माहिती भरून घेऊ नका. शाळेबाहेर, रात्रीबेरात्री कुणाला गरज पडली तर १४४१६ हा टेलिमानसचा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. हे दोन क्रमांक मुलाच्या दप्तराच्या आतल्या बाजूला आज घरी गेल्यावर लिहून ठेवा. मोठ्या अक्षरांत, मुलाला वाचता येतील असे.

सभागृहात आज अनेक पालक आहेत, काही जण शाळांच्या व्यवस्थापनावर आहेत. पुढच्या सभेत तुम्ही निकालाची टक्केवारी विचाराल, ती जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा. आपल्या शाळेत समुपदेशक आहे का? आठवड्यातले किती तास ती शाळेत असते आणि त्यातले किती तास बदली शिक्षक म्हणून जातात? तिची खोली कुठं आहे आणि तिथं जाताना मूल कुणाच्या नजरेस पडतं? गेल्या वर्षात तिच्या सांगण्यावरून शाळेनं कोणती एक गोष्ट बदलली? आणि ती रजेवर असेल त्या दिवशी रडत आलेल्या मुलानं कुणाच्या दारात उभं राहायचं?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शाळेकडून लेखी घ्या. नाव लिहून घ्या.